एकच दार, एकच जिना

विलायतेतल्या घरांच्या पुढच्या दाराला मधोमध एक आडवी फट असते. पोस्टमन बेलही वाजवत नाही, पत्रं त्या फटीतून आत सरकवतो आणि पुढे जातो. सोय छानच आहे. पण याच फटीने तिकडच्या पोलिसांची आणि अग्निशमनवाल्यांची झोप उडवली आहे. कुणाशी भांडण झालं, कुणावर सूड उगवायचा असला, की मध्यरात्री फटीतून पेट्रोल ओतायचं आणि वर पेटती काडी टाकायची. मे २००२ मध्ये हडर्सफील्डला अशा आगीत एकाच कुटुंबातले आठ जण गेले, त्यात पाच मुलं होती. मे २०१२ मध्ये डर्बीला दारापाशी पेट्रोल ओतून लावलेल्या आगीत वरच्या मजल्यावर झोपलेली सहा भावंडं गेली. ती आग लावणारे त्यांचेच आईवडील निघाले! घर सोडून गेलेल्या दुसऱ्या बाईवर आळ यावा म्हणून त्यांनी हा डाव रचला होता. २०१३ मध्ये कोर्टाने दोघांनाही दोषी ठरवलं. ज्यांना धमक्या येतात अशा घरांना लंडनचं अग्निशमन दल आता दाराच्या आतल्या बाजूने बंद होणारी, आग न पकडणारी पत्रपेटी बसवून देतं.

तुम्ही म्हणाल, आमच्या दाराला कुठे फट आहे? आमचा पोस्टमन खालून हाक मारतो, नाहीतर जिन्याखालच्या पेटीत कागद टाकून जातो. खरं आहे. पण मैत्रिणींनो, मेख त्या फटीत नाहीच. आग बाहेर पडायच्या एकुलत्या एका वाटेवर लागते, ती सगळे झोपेत असताना लागते आणि माणसं वरच्या मजल्यावर असतात, खरी मेख ही आहे. या तिन्ही गोष्टी आपल्याकडे जुळत नाहीत का?

छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातला दाणाबाजार आठवा. ३ एप्रिल २०२४, पहाटे चारचा सुमार. रमजानचे दिवस होते. खाली कपडे शिवायचं दुकान, वर राहती माणसं. आपल्या गावोगावच्या बाजारपेठांत असतं तसंच घर. आग दुकानात लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गेले, त्यांत तीन बायका आणि दोन लहान मुलं. आग त्यांच्या मजल्यापर्यंत पोचलीच नव्हती, ते गुदमरून गेले असावेत, असं पोलिसांनी तेव्हाच सांगितलं. नंतर कितीतरी दिवस चर्चा कशाची झाली? चार्जिंगला लावलेल्या ई-बाईकची. ती झालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या जिन्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही. बॅटरी असो, शॉर्टसर्किट असो की कुणी मुद्दाम टाकलेली काडी असो, खाली पेटल्यावर वरच्यांनी उतरायचं कुठून, हा प्रश्न तिन्ही वेळा तोच राहतो.

त्याआधी ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे चिखलीला, पिंपरी-चिंचवडमध्ये, दुकानातच झोपणारं चौघांचं कुटुंब असंच गेलं. नवरा, बायको आणि दोन मुलं. मग ६ ऑक्टोबर २०२३ ची गोरेगावची जय भवानी इमारत. तिथे पहाटे तीनच्या सुमारास पार्किंगमध्ये आग लागली. खाली कापडाच्या चिंध्यांचे ढीग होते, शेजारी गाड्या उभ्या होत्या. धूर जिन्यातून वर चढला. किमान सात जण दगावले, चाळीसहून जास्त जखमी झाले.

या आगी कुणी लावल्याचं पुढे आलेलं नाही. पण लावणारेही आपल्यातच असतात. जून २०१५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रोड भागात एका रात्रीत ऐंशी-नव्वद गाड्या पेटवल्या गेल्या. बऱ्याचशा सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या होत्या. आणि आपलं शहर तेव्हा औरंगाबाद होतं, त्या मे २०१८ मध्ये, ११ तारखेच्या रात्री जुन्या शहरात दंगल उसळली, दोन माणसं गेली. त्यातले एक वृद्ध गृहस्थ पेटवलेल्या घरातच अडकले होते. चूक कुणाची, सुरुवात कुणी केली, यावर आजही वाद घालणारे भेटतील. अंथरुणातून उठून धावू न शकणारा माणूस त्या वादात कुठे बसतो?

गाड्या जाळण्याच्या बातम्या आपण 'पार्किंगमधल्या दुचाकी खाक' असं वाचून पान उलटतो. विम्याचे पैसे मिळतील, जाऊ दे म्हणतो. पण दुचाकी उभी कुठे असते ते बघा ना. जिन्याच्या तोंडाशी! तिथेच मीटरचे बोर्ड, तिथेच पत्रांच्या पेट्या, कुणाची रद्दी, कुणाचं जुनं गादीचं भेंडोळं, दिवाळीला काढून ठेवलेले रंगाचे डबे. एका स्कूटीच्या टाकीत पाचएक लिटर पेट्रोल मावतं. सीटचा फोम, प्लास्टिकचं बॉडीकव्हर, टायर यांचा धूर नुसता काळा नसतो, विषारीही असतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही, उलट आणखी गाढ झोपवतो. गरम धूर वरच जाणार आणि वर जायला त्याला जिना मिळतो. चुलीवरच्या धुराड्याचं काम जिना करतो. म्हणून तळमजल्यावरचा माणूस निसटतो आणि तिसऱ्या मजल्यावरचा अडकतो.

आता जरा दाराकडे वळू या. जुन्या वाड्यांना चांगला चार बोटं उंच उंबरठा असायचा. त्याची पूजा व्हायची, त्यावर बसायचं नाही, शिंकायचं नाही, अशी शंभर शास्त्रं. फ्लॅट आले आणि उंबरठा गेला. फार तर एक पातळ संगमरवरी पट्टी राहिली. पेट्रोल पाण्यासारखं उतार शोधतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकते. दाराखाली बोटभर फट असेल तर तीच आपली विलायती पत्रपेटी! दोन-अडीच इंचाचा दगडी उंबरठा गवंड्याकडून एका दिवसात बसवून होतो. निदान फरशीवर ओतलेलं दाराबाहेर थांबेल. शिवाय साप-विंचवाची, पावसाच्या पाण्याची काळजी कमी होते, ते वेगळंच.

दाराबाहेर आपण काय ठेवतो? काथ्याचं पायपुसणं, चपलांचं प्लास्टिकचं रॅक, कोपऱ्यात वर्तमानपत्रांचा गठ्ठा. म्हणजे लाकडं आपणच रचून ठेवली, काडी तेवढी दुसऱ्याची. हे सामान आत घ्या. जागा नाही म्हणता? मग रॅक लोखंडी घ्या आणि जिन्यापासून लांब ठेवा.

खिडक्यांचा विषय नाजूक आहे. चोरांच्या भीतीने आपण सगळीकडे लोखंडी जाळ्या ठोकून घेतल्या, वेल्डिंग करून कायमच्या. चोर आत येत नाही हे खरं, पण आपणही बाहेर जात नाही. माझं मत विचाराल तर, घरातल्या निदान एका खोलीच्या जाळीला बिजागरीचं दार हवंच. आतून कुलूप लावा, किल्ली त्याच खिडकीपाशी खिळ्याला टांगा, पण बाहेरून हात घालून पोचणार नाही अशी. कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवलेली किल्ली त्या वेळी सापडत नसते. गच्चीच्या दाराचंही तेच. पोरं वर जाऊन धिंगाणा घालतात म्हणून सेक्रेटरी कुलूप लावतात आणि किल्ली खिशात घेऊन गावाला जातात. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून मिरवणाऱ्या आपल्या गावात राहत्या घराला दुसरं दार नसावं, याला काय म्हणावं?

रात्री झोपताना खोल्यांची दारं लोटून घ्यायची सवय लावा. नुसतं लाकडी दार बंद असलं तरी धूर आणि आग काही मिनिटं अडते, आणि त्या वेळी मिनिटांचाच हिशेब असतो. जाग आली आणि धुराचा वास आला तर दार धाडकन उघडू नका. हाताच्या मागच्या बाजूने दार चाचपा. गरम लागलं तर उघडायचं नाही. फटीत ओला टॉवेल, ओलं पातळ, हाताला लागेल ते कोंबा, पोरांना घेऊन रस्त्याकडच्या खिडकीशी जा, तिथून ओरडा आणि १०१ लावा. ११२ लावलात तरी चालेल. दार गार असेल आणि जिना मोकळा दिसत असेल तरच उतरा. धूर भरला असेल तर वाकून, जमिनीजवळून जायचं, कारण श्वास घेण्याजोगी हवा तिथेच उरलेली असते. दाराशी पेट्रोल पेटलं असेल तर बादलीभर पाणी मारू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आग आणखी पसरते. कोरडी वाळू टाका किंवा पावडरचं सिलिंडर वापरा, तेही आग छोटी असेल आणि पाठीमागे पळायला वाट असेल तरच. नायलॉनचा गाऊन अंगावर असेल तर आगीजवळून जाण्याआधी सुती चादर किंवा सतरंजी ओली करून गुंडाळून घ्या.

घरात कोण कुठे झोपतं हे बाईला जेवढं माहीत असतं तेवढं कुणालाच नसतं. सासूबाईंना वरची खोली हवेशीर म्हणून देतो, पण त्यांचे गुडघे धरलेले असतात. बाळंतीण माहेरी आली की तिलाही वरच, शांत असतं म्हणून. ज्यांना पळता येत नाही त्यांना जिन्यापासून सगळ्यात लांब ठेवायची ही रीत बदलायला काय हरकत आहे? आणि सोसायटीच्या मीटिंगला घरातले पुरुषच जातात, पाण्याच्या टँकरवर दोन तास भांडून येतात. एकदा आपण जाऊन विचारू या की, जिन्यासमोरची एक रांग तरी गाड्यांशिवाय मोकळी राहील का? ई-बाईकचं चार्जिंग रात्रभर जिन्याखाली चालू द्यायचं का?

अग्निशमनाचा राज्याचा कायदा २००६ चा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांनी आपली आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. तुमच्या इमारतीला तो लागू असेल तर हे प्रमाणपत्र दाखवा म्हणून मागता येतं. बाजारपेठेतल्या दुमजली घरांना, खाली दुकान वर संसार असलेल्यांना मात्र असं कुणी दारी येऊन विचारत नाही, ती तपासणी ज्याची त्यानेच करायची.

आता धमकीबद्दल. लग्नाला नकार दिला, नवऱ्याचं घर सोडलं, भावकीत जमिनीचा दावा लावला, की 'घर पेटवून देईन' हे शब्द बाईला ऐकवले जातात. घरचे म्हणतात, रागात बोलला असेल, सोड. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षिकेला असं चार महिने ऐकावं लागलं. पाचव्या महिन्यात दाराशी लावलेली तिची स्कूटी जळाली. ती जाळणारा कोण हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण त्या चार महिन्यांचा एकही कागद तिच्याजवळ नव्हता.

कायदा या धमकीला रागातलं बोलणं मानत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण आगीने मालमत्ता नष्ट करण्याची धमकी असेल तर ती सात वर्षांपर्यंत जाते. राहतं घर नष्ट करायच्या हेतूने प्रत्यक्ष आग लावली तर कलम ३२६ खाली दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. मागे मागे फिरणं, नको म्हणत असताना फोन-मेसेज करत राहणं यासाठी कलम ७८ वेगळं आहे. म्हणून तक्रार लिहिताना 'त्रास देतो', 'धमकी दिली' एवढ्यावर भागवू नका. 'तुझं घर जाळीन' असं तो म्हणाला असेल तर तेच शब्द, तारीख, वेळ, कुणी ऐकलं, हे जसंच्या तसं लिहायला लावा. लिहिलेलं वाचून घ्या, मगच सही करा. मेसेज पुसू नका. गुन्हा दाखल झाला तर एफआयआरची प्रत फुकट मिळते. नुसता तक्रार अर्ज घेतला असेल तर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ती प्रत घरात ठेवू नका. बहिणीकडे नाहीतर माहेरी ठेवा, आणि मोबाईलवर फोटो काढून दोघीतिघींना पाठवून द्या.