हातातलं कसब आणि कपाटातली वही

"आमच्याकडे शिकलास, आणि आता ते तिकडे नेऊन विकतोस?" ठाण्यात खोपटला राहून वागळे इस्टेटमध्ये नोकरी केलेल्यांना हे वाक्य नवं नाही. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, तिची पहिली वसाहत इथे उभी राहिली, आणि तेव्हापासून माणसं एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये जात आली. राजीनामा हातात पडला की मालकाला खाल्लेलं मीठ आठवतं.

हा आरोप मला मान्य नाही. लेथवर दहा वर्षं उभं राहिलेल्याला नुसत्या आवाजावरून टूल बोथट झाल्याचं कळतं. तो कान तयार होईपर्यंत माल वाया गेला आणि तो खर्च मालकाने सोसला, हे खरं. पण पुढे त्याच कानाने वाचवलेला मालही मालकाच्याच खात्यात जमा झाला. हिशेब तिथेच फिटला. कान कामगाराचा.

यावर दाखला दिला जातो तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या निकालाचा. प्रकरण आपल्याच कल्याणजवळचं. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनने टायर कॉर्डचं तंत्र परदेशी कंपन्यांना १,४०,००० मार्क देऊन, गुप्ततेच्या अटीवर घेतलं होतं. १९६३ साली पाच वर्षांच्या करारावर आलेला शिफ्ट सुपरवायझर पुढच्याच वर्षी जास्त पगारावर कोटा शहरातल्या कारखान्यात गेला. न्यायालयाने त्याला अडवलं. पण कुठवर? कराराची मुदत संपेपर्यंत, आणि टायर कॉर्डमधल्या तशाच कामापुरतं. दाखला देणारे एवढंच नेमकं गाळतात. आणि ती मुदत संपल्यावरही हात बांधून ठेवू पाहणाऱ्या अटींना १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम आड येतं.

मात्र याच्या उलट टोकाला जाऊन "डोक्यात आहे ते सगळं माझंच" म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. गिऱ्हाइकांचे दर पाठ केले म्हणून ते तुमचे होत नाहीत. वही चोरली नाही, एवढंच. दुसऱ्या कुशल माणसाला ती गोष्ट स्वतःच्या मेहनतीने आणि अनुभवाने साधली असती का, हे स्वतःला विचारावं. साधली असती, तर ते कसब. आणि जी केवळ मालकाच्या कपाटापर्यंत हात पोचला म्हणूनच कळली, ती ठेव. सही केली नसली तरी ठेवच.

आणि नवा मालक? त्याला कुणी जाब विचारत नाही, याचा मला सर्वांत जास्त राग येतो. घर चालवायला नोकरी हवी असलेल्या पोराला मुलाखतीत "तिकडे भट्टी किती तापमानाला चालवतात?" असं विचारणारा त्याला मोहात ढकलत असतो. त्या पोराला मी एवढंच सांगेन, की न घाबरता उत्तर दे: "त्यांचा आकडा सांगणार नाही. तुमची भट्टी दाखवा, चार दिवस द्या, बसवून देतो."