झोपेच्या गोळीआधी दिवा मालवा

झोप येत नाही म्हटले, की हल्ली ‘ट्रिप्टोफॅन’च्या गोळ्या सुचवल्या जातात. त्यामागचा तर्क अर्धाच खरा आहे.

ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल. शरीर ते स्वतः बनवू शकत नाही. आहारातूनच मिळवावे लागते. मेंदूतील पिनिअल ग्रंथी त्यापासून आधी सेरोटोनिन आणि मग मेलाटोनिन तयार करते. हे संप्रेरक शरीराला रात्र झाल्याचे कळवते. मात्र कच्चा माल असला तरी हा कारखाना जोमाने चालतो तो अंधार पडल्यावरच. रात्री डोळ्यांवर प्रखर उजेड पडला, की मेंदूतील जैविक घड्याळ पिनिअलकडे जाणारा संदेश रोखते आणि मेलाटोनिन घटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ४ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन लागते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे २४० मिलिग्रॅम. डाळ, दूध, शेंगदाणे, तीळ असलेल्या पोटभर जेवणातून ते सहज मिळते. म्हणजे कमतरता बहुधा ट्रिप्टोफॅनची नसते, अंधाराची असते.

शिवाय या गोळ्या निरुपद्रवीही नाहीत. १९८९ मध्ये अमेरिकेत ट्रिप्टोफॅनच्या दूषित गोळ्यांमुळे दीड हजारांहून अधिक लोक आजारी पडले, तीसहून अधिक दगावले. नैराश्यावरील काही औषधांसोबत त्या घेतल्यास सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

तेव्हा आधी रात्री दिवे मंद करावेत, मोबाइल दूर ठेवावा, झोपण्या-उठण्याची वेळ पाळावी. तरीही काही आठवडे झोप लागत नसेल, तर औषधाच्या दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे जावे.