कुंभकर्णाची भीती

मुलांच्या चित्रपटातला राक्षस मुलांना घाबरवणारा असावा, असे माझे ठाम मत आहे. आमच्या कांदिवलीच्या सोसायटीतल्या तरुण आयांना ते जुन्या वळणाचे वाटते. त्यांच्या मुलांचा ड्रॅगन म्हणजे २०१० सालच्या ‘हाउ टु ट्रेन युवर ड्रॅगन’मधला, बोक्यासारखा अंगाला घासणारा. चित्रपट छानच आहे, वाद नाही. पण १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तली चेटकीण ड्रॅगन होऊन राजपुत्रावर आग ओकते, तेव्हा पोरे आजही आजीच्या पदराकडे सरकतात.

आपल्याकडे ही जागा कुंभकर्णाची. त्याला पडद्यावर आणले ते जपानचे युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी. राम मोहन १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात लागले. तिथे शिकवायला डिस्नेचे क्लेअर वीक्स आले होते. पुढे रामायणावर चित्रपट करायचे ठरले, तर ‘देवाचे कार्टून काय काढता?’ म्हणून विरोध झाला. कार्टून म्हणजे थट्टाच, ही आपली समजूत! शेवटी बरेचसे काम जपानमध्ये झाले आणि १९९३ मध्ये ‘रामायण : द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’ पूर्ण झाला. मधल्या काळात एका पिढीने तो टीव्हीवर पाहिला. देशभरच्या चित्रपटगृहांत तो नीट लागला तो जानेवारी २०२५ मध्ये. तोवर साको (२०१२) आणि राम मोहन (२०१९) दोघेही गेले होते.

आम्ही तो घरी सहा वर्षांच्या नातवाबरोबर पाहिला. कुंभकर्ण उभा राहिला आणि वानर मुंग्यांएवढे दिसू लागले. नातू माझ्या मांडीवर चढला. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, बंद करा ना, रात्री दचकेल.” मी बंद केले नाही. बँकेत जन्म गेलेला माणूस मी. तारण शेजारी बसलेले असताना एवढे कर्ज द्यायला काय हरकत आहे?

“आजोबा, हा वाईट आहे का?” त्याने विचारले. मग वाल्मीकींचा कुंभकर्ण सांगावा लागला. तो रावणाला तोंडावर सांगतो की तू चुकलास, आणि तरी भावासाठी लढायला जातो. पोरगा बराच वेळ गप्प होता. पाळीव ड्रॅगन पाहून असा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली, “आणि झोपेचं सांगा, ते तुझ्या बाबांसारखं!”

हल्ली मुले कानात बोंडे घालून मोबाइलवर एकटी पाहतात. तिथे कुंभकर्ण अंगठ्याएवढा होतो आणि प्रश्न विचारायला शेजारी कुणी नसते. मला काळजी वाटते ती याची, दचकण्याची नव्हे.

त्या रात्री नातू आमच्या दोघांच्या मध्ये झोपला. सकाळी दात घासता घासता म्हणाला, “आजोबा, तो उठतो तेवढंच परत लावा.”