कडू प्रसाद



धनत्रयोदशीला धन्वंतरीची पूजा झाली की कडुनिंबाची पाने साखरेसोबत प्रसाद म्हणून वाटायची आपल्याकडे रीत आहे. फराळाच्या आधी हा कडू घास. यंदाचा अंक औषधी वनस्पतींना वाहताना त्याची आठवण झाली, कारण सांगायचे आहे तेही कडूच आहे.

प्रतिजैविके हरू लागली आहेत. त्यांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतात, हे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानातच बजावले होते.

अशा वेळी नजर रानाकडे वळते. दारुहळदीचेच पाहा. तिचा काढा आटवून केलेले रसांजन वैद्य पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांच्या विकारांवर वापरत आले. तिच्या लाकडाला पिवळा रंग देणारे बर्बेरीन जंतुनाशक आहे. पण गळवांत पू करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू ते आत शिरताच आवरणातल्या पंपाने बाहेर उपसतो. नॉरफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविकही तो तसेच उपसून टाकतो. २००० साली संशोधक फ्रँक स्टरमिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दारुहळदीच्या कुळातली काही झुडपे आणखी एक पदार्थ तयार करतात. तो स्वतः जंतू मारत नाही; फक्त पंप अडवतो, आणि मग बर्बेरीनचा मारा लागू पडतो. कुष्ठरोगावरच्या जुन्या चौलमोगरा तेलातही हा पदार्थ अल्प प्रमाणात आढळला होता. चौलमोगऱ्याच्याच कुळातला कडू कवठ आपल्या कोकणात वाढतो.

झाडाने शस्त्र घडवले आणि त्याला जोडीदारही दिला. अर्कातला एकच गुणकारी घटक वेगळा काढून बाकीचा चोथा समजणाऱ्याच्या हातून नेमका हा जोडीदार निसटतो.

तरीही हे यश प्रयोगशाळेतले आहे. तो पदार्थ अजून दवाखान्यातले औषध झालेला नाही. बर्बेरीन पोटातून रक्तात फार थोडे उतरते. अर्काची ताकद जमीन, ऋतू आणि झाडाच्या वयाप्रमाणे बदलते. काचेच्या बशीपासून तापाने फणफणलेल्या लेकरापर्यंतची वाट चाचण्यांनीच चालावी लागते. रक्तात जंतू पसरलेल्या रुग्णाला नुसत्या काढ्यावर ठेवले, तर त्याचा जीव जातो आणि आयुर्वेदाचे नावही. आजीच्या बटव्याला न तपासताच हसणाऱ्यांनी मात्र दारुहळदीची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या परंपरेवर आमचे प्रेम आहे, म्हणूनच तिने कसोटीला उतरावे असे आम्हाला वाटते.

तोवर हाती असलेली प्रतिजैविके जपू या. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्यांवर विसंबू नका, आणि सांगितलेली मात्रा चुकवू नका.

कडू घास इथे संपला. 

– संपादक