सेवेची नोंद कामगाराच्या नावे असावी

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतून आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन निघालेला तरुण चाकण, रांजणगाव अथवा वाळूजच्या वाहन कारखान्यात कामाला लागतो, तेव्हा चार-दोन एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीनच्या भावावर चालणारा संसार आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण या सर्वांचा भार त्याच्या पगारावर येऊन पडतो. परंतु ती नोकरी पुष्कळदा ठेकेदारामार्फत, सहा-सात महिन्यांच्या मुदतीनेच मिळते, आणि मुदत सरली की ‘ब्रेक’ देऊन त्याला घरी धाडले जाते. या मुदतीमागील हिशेब सरळ आहे. वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराची सेवा कायदा अखंड मानतो, आणि अशा सेवेला एक वर्ष झाले म्हणजे त्यास कमी करताना महिन्याची नोटीस व दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाचा मोबदला द्यावा लागतो. तो प्रसंगच येऊ नये, एवढ्यासाठी दिवस मोजून माणूस बदलला जातो.

कायम कामगाराचेही आसन आज स्थिर नाही. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले आणि पुढील एप्रिलमध्ये तेथील १,४१९ कामगारांवर कपातीची कुऱ्हाड कोसळली. त्यांच्यापाशी निदान संघटना होती, नेमणुकीचे दस्तऐवज होते, न्यायालयात मांडता येईल अशी कैफियत होती. ठेकेदाराच्या माणसापाशी यांपैकी काहीच नसते, त्याचा गेटपास रद्द झाला की त्याची नोकरीही संपते. ऑगस्ट २०१९ मध्ये देशातील प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा ३१ टक्क्यांहून अधिक घसरली होती, आणि अशा मंदीत सर्वांत आधी कमी केला जातो तो हाच कामगार. पुढे विजेवरील वाहने वाढतील, तसतशी इंजिनाचे व गिअरचे सुटे भाग घडविणाऱ्या लहान कारखान्यांची निकडही ओसरत जाईल. नेमक्या अशा काळात, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन शंभराऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपुरते ठेवले आहे.

मागणी चढते-उतरते, म्हणून मनुष्यबळही लवचीक हवे, असे कारखानदार म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. परंतु मागणीच्या चढउताराचा संपूर्ण तोटा ज्याच्या पदरी सर्वांत कमी शिल्लक आहे त्यानेच का सोसावा, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राने एकदा दिलेले आहे. बाजारातील हमालाचे काम आवकेवर अवलंबून, मालक रोज निराळा, कायम नेमणूक अशक्य. तरीही अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंद मंडळाकडे केली, मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही घेण्याची तजवीज केली, आणि भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांचा हक्क हमालाच्याच नावे राखला. त्या मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत. पण त्यांनी तत्त्वाला बाध येत नाही. पाठीवर पोते वाहणाऱ्या अशिक्षित माणसासाठी ज्या राज्याने पन्नास वर्षांपूर्वी ही व्यवस्था उभारली, त्याच राज्यात यंत्रावर अचूक काम करणारा प्रशिक्षित तरुण प्रत्येक ठेकेदाराकडे नव्याने उमेदवार ठरावा, हे न्यायाला धरून नाही.

म्हणून वाहन उद्योगातील कंत्राटी व मुदतबंद कामगारांसाठी राज्याने असेच एक मंडळ स्थापावे. ठेकेदार बदलला, कारखाना बदलला, तरी कामाचे दिवस कामगाराच्या नावे एकत्र मोजले जावेत. लेव्हीतून त्याच्या उपदानाची आणि बेकारीच्या महिन्यांतील निर्वाहाची सोय व्हावी. आणि कोठेही नवी भरती निघाली की नोंदीतील ज्येष्ठतेला अग्रक्रम मिळावा. २०१८ मध्ये भूमिपूजन झालेला लातूरचा रेल्वे डब्यांचा कारखाना मराठवाड्याच्या तरुणांना आशा दाखवून उभा राहिला. तेथील ठेकेदारी कामापासूनच या नोंदीचा आरंभ करण्यास प्रत्यवाय नसावा. नांदेड-लातूरच्या लोकप्रतिनिधींनी नव्या कारखान्यांची मागणी जरूर करावी, परंतु त्या मागणीच्या अर्जातच कामगाराच्या सेवेच्या नोंदीची अट लिहावी. कारण जी नोकरी दर सात महिन्यांनी शून्यावर येते, तिच्या भरवशावर कोणतेही घर कर्जातून वर येत नाही.