विचार, आचार आणि आनंद

सुख ही पुढे ढकलण्याची वस्तू आहे, असे मध्यमवर्गीय माणसाने जणू ठरवूनच टाकले आहे. परीक्षा संपली की, नोकरी कायम झाली की, घराचे हप्ते फिटले की, मुले मार्गी लागली की, अशा टप्प्याटप्प्याने त्याचा आनंद पुढे सरकत राहतो आणि अखेर निवृत्तीच्या निरोप-समारंभातील हारतुऱ्यांपाशी येऊन थांबतो. मधली तीस-पस्तीस वर्षे केवळ सोसण्यासाठी असतात, हा हिशेब एकदा तपासून पाहिला पाहिजे. त्या कामी एका गणिताच्या प्राध्यापकाचे चरित्र उपयोगी पडण्यासारखे आहे.

धोंडो केशव कर्वे १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि १९१४ पर्यंत शिकवीत राहिले. विधुर झाल्यावर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे १९०० साली, शहरापासून सुमारे चार मैलांवर, हिंगण्याच्या माळावर त्यांच्या आश्रमाची झोपडी उभी राहिली. दिवसा महाविद्यालयातील तास आटोपायचे, संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचे, तेथे विधवांना शिकवायचे आणि सकाळी पुन्हा पुण्यात परतायचे, असा त्यांचा त्या काळातील क्रम होता. या वाटेवर चिखल होता, निंदा होती; कौतुक मात्र फारसे नव्हते.

दुरून पाहणाऱ्याला हा सारा त्याग वाटतो. परंतु कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ वाचणाऱ्याला त्यात हौतात्म्याचा सूर आढळत नाही. जमाखर्च मांडावा तशा साधेपणाने ते आपले आयुष्य सांगतात. याचे कारण उघड आहे. ज्याच्या विचारात आणि आचारात अंतर पडते, त्याची निम्मी शक्ती ते अंतर झाकण्यात आणि स्वतःची समजूत घालण्यात खर्ची पडते. ज्याला असे काही झाकायचे नसते, त्याला रात्री शांत झोप लागते आणि दुसऱ्या दिवशीचे काम ओझे वाटत नाही. रोजचा आनंद म्हणतात तो याहून फारसा वेगळा नसतो. कर्व्यांना ‘भारतरत्न’ मिळाले १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. त्यांनी आपला आनंद लोकमान्यतेवर टांगून ठेवला असता, तर १८९३ पासून तब्बल ६५ वर्षे त्यांना वाट पाहावी लागली असती!

तथापि या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गोदूबाई, म्हणजेच आनंदीबाई कर्वे, यांनी ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्या संसाराची ओढाताण मोकळेपणाने सांगितली आहे. एकाच्या तत्त्वाची किंमत घरातील दुसऱ्याला मोजावी लागते, हे विसरून मिरवलेली तत्त्वनिष्ठा म्हणजे आत्मप्रौढीच होय. शिवाय तत्त्वनिष्ठा म्हणजे हट्टही नव्हे. आश्रमाचे काम टिकावे म्हणून कर्व्यांनी पुनर्विवाहाच्या प्रचारापासून आश्रम अलग ठेवला आणि त्याबद्दल सुधारकांची टीकाही सोसली. काय सोडता येईल आणि काय प्राण गेला तरी सोडता येणार नाही, हे ज्याचे त्याने ओळखावे लागते. उसन्या मूल्यांना ही परीक्षा झेपत नाही.

प्रत्येकाला आश्रम काढता येणार नाही आणि त्याची गरजही नाही. खिडकीपाशी ताटकळणाऱ्या म्हाताऱ्याला ‘उद्या या’ न सांगता त्याचा कागद आजच पुढे सरकवणारा कारकून, टेबलाखालचा हात नाकारणारा त्याचा सहकारी, वर्गातील कच्च्या मुलासाठी तास संपल्यावरही थांबणारा शिक्षक, नक्कल करून मिळणाऱ्या वरच्या श्रेणीपेक्षा स्वतःच्या उत्तरपत्रिकेवर विसंबणारा विद्यार्थी, या साऱ्यांची वाट हिंगण्याच्या वाटेसारखीच आहे. तिथे टाळ्या नाहीत, कधी सहकाऱ्यांचा उपहासही आहे. पण त्या दिवसाचे समाधान त्याच दिवशी पदरात पडते.

मात्र या समाधानाचा हवाला देऊन कोणी वेतनाचा प्रश्न झटकू पाहील, तर ती शुद्ध फसवणूक ठरेल. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या प्राध्यापकाला ध्येयवादाचे धडे देणाऱ्या समाजाने आधी त्याचा मोबदला वेळेवर चुकता करावा. आनंद हा पगाराला पर्याय नाही. पण पगार वाढला, बढती मिळाली, घर झाले, तरी जो आनंद हाती लागत नाही, तो कुठे हरवला याचा शोध ज्याला घ्यायचा असेल, त्याने आपले आजचे बोलणे आणि आजची करणी एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावी. बहुधा उत्तर त्या दोहोंमधील अंतरातच सापडेल.