टॉर्चचे सेल घाऊक घेताना

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातल्या घरांत टॉर्चची शोधाशोध सुरू होते. गोदावरीचा पूर आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून मोजतो. २००८, २०१६ आणि २०१९ साली नदीचे पाणी काठावरच्या वस्तीत आणि बाजारपेठेत शिरले होते. अशा वेळी वीज बंद ठेवावीच लागते. पूर नसला तरी टॉर्चची गरज उरतेच. रात्री मय्यत असली की कब्रस्तानात उजेड हवा. निफाड-सिन्नरकडे रात्रपाळीची वीज आली की बिबट्याच्या भीतीतही पिकाला पाणी द्यायला जावे लागते. हजला गेलेल्यांना मुजदलिफाच्या रात्री कंकर वेचायचे असतात. मोबाइलचा उजेड यातल्या कशालाच फार वेळ पुरत नाही.

आपल्याकडे टॉर्चलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि आतल्या बॅटरीला ‘सेल’. या लेखातही आम्ही तीच भाषा वापरतो. हल्ली पाच-दहा घरे मिळून, किंवा मशिदीची कमिटी मोहल्ल्यासाठी, लिथियमचे सेल एकदम मागवते. घाऊक घेतले की स्वस्त पडतात हे खरे. पण पैसे गोळा करण्याआधी काय तपासायचे, ते आज पाहू.

सर्वप्रथम, लिथियमचे सेल दोन जातींचे असतात हे ध्यानात घ्या. पहिला एकदाच वापरायचा, चार्ज न होणारा. पेन्सिल सेलच्या आकारात तो दीड व्होल्टचा मिळतो. एनर्जायझर कंपनीचा ‘अल्टिमेट लिथियम’ हा त्यातला माहितीचा. नेहमीचा अल्कलाइन पेन्सिल सेल सुमारे २३ ग्रॅम भरतो, हा फक्त १५ ग्रॅमच्या आसपास. तो दहा वर्षांहून अधिक काळ टिकतो आणि साध्या सेलसारखा गळून टॉर्च खराब करण्याची भीतीही फार कमी. कपाटात ठेवून वेळेलाच काढायच्या टॉर्चसाठी तो उत्तम, आणि घाऊक घेऊन साठवायलाही हाच योग्य.

दुसरा सेल पुन्हा पुन्हा चार्ज होणारा, म्हणजे लिथियम-आयन. सोनी कंपनीने तो १९९१ साली बाजारात आणला. या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मोठ्या उजेडाच्या टॉर्चमध्ये बहुधा याचाच ‘१८६५०’ हा आकार असतो. हा आकडा म्हणजे नुसते माप आहे: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य गोल नळीच्या आकाराचे. दाब साधारण ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२. म्हणून दीड व्होल्टच्या सेलवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये हा कधीही घालू नये.

आता कंपन्यांची तुलना. १८६५० सेल स्वतः बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्या मोजक्या आहेत: पॅनासॉनिक, सॅमसंग एसडीआय, एलजी, आणि सोनीचा बॅटरी व्यवसाय २०१७ मध्ये घेणारी मुराता. सेलमध्ये किती वीज मावते ते ‘एमएएच’ या मापात लिहितात. पॅनासॉनिकचा ‘एनसीआर१८६५०बी’ सुमारे ३४०० एमएएचचा, सॅमसंगचा ‘३५ई’ आणि एलजीचा ‘एमजे१’ सुमारे ३५०० चे. म्हणजे चांगल्या कंपन्यांमधला फरक शंभराचा, तीन टक्के इतकाच. त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

खरा फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. बाजारात याच आकाराच्या सेलवर ६८००, ९९०० असे आकडे छापलेले सर्रास दिसतात. एवढी वीज या आकारात मावतच नाही. मराठीत ज्याला ‘मापात पाप’ म्हणतात, ते हेच. दूधवाल्याच्या मापाकडे आपण डोळे लावून बसतो, मग सेलवरचे मापही तपासायलाच हवे. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनात सूरह मुतफ्फिफीनमध्ये किती कडक इशारा दिला आहे, हे वाचकांना सांगायला नको.

तपासणी घरबसल्या होते. पहिली कसोटी वजनाची. चांगला १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. सोनाराचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरे. सेल ३० ग्रॅमच भरला, तर वर काहीही छापलेले असो, आत माल कमी आहे. पण वजन पुरे भरले म्हणजे सेल खरा, असेही नाही. आत भलतेच भरून वजन वाढवता येते, आणि नामांकित कंपनीसारखे दिसणारे प्लास्टिकचे आवरण वेगळे विकत मिळते.

म्हणून दुसरी कसोटी घड्याळाची. एक भरवशाचा सेल आणि एक नमुन्याचा सेल पूर्ण चार्ज करा. एकच टॉर्च, उजेडाची एकच मधली पायरी. उजेड ठळकपणे मंदावेपर्यंत किती मिनिटे गेली ते लिहून ठेवा. मंदावला की लगेच बंद करा, सेल पूर्ण मरू देऊ नका. ९९०० वाला ३४०० वाल्याच्या जवळजवळ तिप्पट वेळ चालायला हवा. तो निम्माही चालला नाही, तर उत्तर मिळाले. घरातल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना आपल्या देखरेखीखाली हे काम द्या. वर्गात शिकवलेले मापन त्यांना कायमचे लक्षात राहील.

मग हिशेब मांडा. समजा चांगला सेल घाऊकमध्ये ४५० रुपयांना पडला. ३.७ व्होल्ट गुणिले ३.४ अँपिअर-तास म्हणजे साधारण १२.६ वॅट-तास. एका वॅट-तासाला सुमारे ३६ रुपये झाले. दुसरा १५० रुपयांचा, पण त्यात प्रत्यक्षात १००० एमएएचच निघाले, म्हणजे ३.७ वॅट-तास. इथे एका वॅट-तासाला सुमारे ४१ रुपये झाले. स्वस्त वाटलेला सेल महाग पडला.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. वर सांगितलेल्या मोठ्या कंपन्यांचे उघडे सेल मुळात लॅपटॉप, अवजारे यांच्या बंद संचात बसवण्यासाठी असतात. असे सुटे सेल वापरण्यातला आगीचा धोका अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितला होता. टॉर्चसाठी आत संरक्षक सर्किट असलेला सेलच घ्यावा. फेनिक्स, नाइटकोर यांसारख्या टॉर्च बनवणाऱ्या कंपन्या असे सेल देतात. सर्किटमुळे लांबी तीन-चार मिलिमीटरने वाढते, तेव्हा आपल्या टॉर्चमध्ये तो बसतो का, हे आधी पाहा. भारतात विकल्या जाणाऱ्या सेलवर भारतीय मानक ब्युरोची खूण, ‘आयएस १६०४६’ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. उत्पादनाचा महिना-वर्ष आणि पक्की पावती घ्याच.

घाऊक म्हणजे किती? चार्ज होणारा सेल शेकडो वेळा भरता येतो, आणि वापरला नाही तरी वयाने थकतो. घरटी डझनभर घेऊन ठेवणे म्हणजे पैसे वाया घालवणे. घरटी दोन पुरे. दहा घरांचे वीस, मशिदीचे चार, असे चोवीस सेल झाले की दुकानदाराशी भाव करता येतो. आधी दोनच विकत घ्या, वजन आणि वेळ तपासा, मग बाकीच्यांची मागणी द्या. आलेल्या मालातूनही दोन-तीन सेल काट्यावर ठेवून पाहा.

इतरांचे पैसे हाती घेऊन खरेदी करणाऱ्याकडे ती अमानत असते. दुकानदाराने दिलेली सूट सर्वांची. पावतीची प्रत मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकावी. जाण्यायेण्याचा खर्च धरायचा असेल तर तो आधीच सांगून ठरवावा. सेल खराब निघाला तर बदलून देण्याची जबाबदारी कोणाची, हेही त्याच वेळी बोलून घ्यावे. शेजाऱ्यांमधली कटुता अशा लहान रकमांवरूनच वाढते.

सेल ठेवताना ते अर्धवट भरलेले, प्लास्टिकच्या डबीत, एकमेकांना न लागतील असे ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर चैत्र-वैशाखाच्या उन्हात नको. किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात तर मुळीच नको. चार्जिंग गादीवर, झोपेच्या वेळी करू नये. आवरण फाटलेला किंवा विनाकारण गरम होणारा सेल पुन्हा वापरू नये. हज-उमराहला निघताना सुटे सेल विमानात हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सामानात देऊ नका.

आणि मेलेला सेल घंटागाडीत टाकू नका. दाबला गेला की तो पेट घेतो आणि झळ सफाई कामगाराला बसते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो वेगळा ठेवून संकलन करणाऱ्यांकडेच द्यायचा असतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मोहल्ल्यात एक डबी ठेवली, तर दहा घरांचे सेल वर्षातून एकदा एकत्र पोचवता येतील. खरेदी मिळून केली, तर हे कामही मिळून करावे.